धनुष्याच्या दोरीवर चालणारी वीज

चौक गावाला एसटीतून उतरलात की उत्तरेकडे मान वर करा. समोर माथेरानचा डोंगर. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली इथूनच वर चढले आणि माथेरान थंड हवेचं ठिकाण झालं. पण डोंगराची उंची कळायला चढावं लागतं का? मुळीच नाही!

कोनमापकाला एक स्ट्रॉ चिकटवा आणि मध्यबिंदूतून दोऱ्याला नट बांधून सोडा. हा झाला गवंड्याचा ओळंबा. स्ट्रॉमधून कड्याचं टोक बघा. दोरा मधल्या रेषेपासून जितका सरकेल, तो कोन. समजा, ६ अंशांचा कोन आला. सपाटीवरून सरळ कड्याच्या दिशेने ८०० मीटर चाला आणि पुन्हा बघा. आता ७ अंश. (आकडे उदाहरणापुरते.) ६ अंशांच्या कोनात अंतर उंचीच्या ९.५१ पट असतं, ७ अंशांत ८.१४ पट. फरक १.३७ पट, आणि हा फरक म्हणजेच तुम्ही चाललेले ८०० मीटर. भागाकार करा: ५८४ मीटर! डोंगराच्या पायथ्याला पायही लागला नाही.

आता पहिला कोन ६ऐवजी ६.१ वाचला असता तर? उंची निघते जवळपास ६६० मीटर. अंशाचा दहावा भाग चुकला, आणि डोंगरावर पंचवीस मजली इमारत चढली! १८०२ साली मद्रासजवळून देशाची महामोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्टनचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्धा टन वजनाचा का होता, ते इथे कळतं. हे अजस्र यंत्र माणसं डोंगरोडोंगरी वाहून न्यायची. लॅम्टन मोजणी करत करत उत्तरेकडे सरकला आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारला.

शाळेतली त्रिकोणमिती साधारण इथवर येते. कॉलेजात गेलं की त्रिकोणच गायब होतो! फळ्यावर येते १२० अंशांची साइन. काटकोन त्रिकोणात एवढा कोन मावणार कुठे? इथे मुलं गांगरतात, आणि मला वाटतं, इथेच त्यांना ‘साइन’ या शब्दाची गोष्ट सांगायला हवी.

साइन म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि त्याची दोरी ती ज्या. आर्यभटाने ४९९ साली अर्ध्या दोरीचं कोष्टक दिलं. ज्येला जीवाही म्हणत. अरबी पंडितांनी त्याचं ‘जीबा’ केलं; पण अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढे ते ‘जैब’ असं वाचलं गेलं. जैब म्हणजे वस्त्राची घडी, हिंदीतल्या जेबेचं मूळ. लॅटिन भाषांतरकारांनी घडीसाठी आपला शब्द घातला, ‘सायनस’. दोरीची झाली घडी, आणि तीच परत आपल्या वर्गात आली!

आता त्रिकोण विसरा, चाक डोळ्यांपुढे आणा. कडेवर एक खूण करा आणि चाक फिरवा. खूण आसाच्या किती वर किंवा खाली आहे (त्रिज्येच्या मापात), ती साइन. चाक फिरतच राहील, कोन वाढतच राहील. १२० काय, १२०० अंशसुद्धा चालतील. आणि खुणेची ही वर-खाली कागदावर काढत गेलात तर काय दिसतं? लाट!

मग येतं सगळ्यांनी घोकलेलं सूत्र: दोन कोनांच्या बेरजेची साइन. भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. त्यातल्या ‘ज्योत्पत्ती’त हे सूत्र आहे. ज्योत्पत्ती जाणणाऱ्यालाच आचार्यपद, असं ते बजावतात. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ साली मठ काढला. तिथल्या शिलालेखात या मठाचा खर्च कसा चालावा, ते चक्क जुन्या मराठीत कोरलंय: बाजारातल्या ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला, आणि गावातल्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. तेराव्या शतकातलं गणिताचं कॉलेज, तेही तेल्यांच्या पळीवर चाललेलं!

त्या सूत्राचं आज काय? चौकहून खोपोलीला या. इथलं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं. घाटमाथ्यावरचं पाणी नळांतून कोसळतं, टर्बाइन फिरतं, त्याबरोबर चुंबक फिरतो. फिरणाऱ्या चाकाची खूण आठवली? वीज त्या खुणेसारखीच वर-खाली होते, सेकंदाला ५० वेळा. चुंबकाभोवती तारांची तीन वेटोळी असतात, एकमेकांपासून १२० अंशांवर. म्हणून तीन लाटा निघतात, एकीच्या मागे दुसरी, दुसरीमागे तिसरी.

कोणत्याही क्षणी या तिघींची बेरीज करा. नेहमी शून्य! ज्योत्पत्तीतल्या सूत्राने दुसरी आणि तिसरी लाट उलगडून बघा. दोघी मिळून बरोबर पहिलीइतक्या, पण उलट्या होतात. दोनच ओळींचं गणित आहे, आणि कोऱ्या कागदावर पहिल्यांदा ते जमतं तेव्हा अंगावर काटा येतो. तिन्हींवर सारखा भार असला तर विजेला परतायला वेगळी तार लागतच नाही. प्रत्येकीची वीज उरलेल्या दोघींतून परतते. सहा तारांचं काम तिनांत!

येताना रस्त्याकडेचा उच्चदाबाचा मनोरा दिसला की थांबा. अगदी वरची बारीक तार आकाशातल्या विजेपासून बचावासाठी असते, ती सोडून द्या. हातांवरून लोंबणाऱ्या तारा मोजा. बहुधा तीन असतील, नाहीतर सहा, म्हणजे तिघींचे दोन संच.