स्पीकर का घुमतो?

गाणे थांबवले, तरी स्पीकरमधून बारीक ‘घूंऽऽ’ सुरूच राहते. दिवसा रहदारीच्या आवाजात ते लक्षातही येत नाही, पण रात्री घर शांत झाले की तेच डोक्यात भिनते. अनेक घरांत यावर एकच तोडगा निघतो, तो म्हणजे नवा स्पीकर. बहुतेक वेळा मात्र दोष स्पीकरचा नसतो. त्याच्यापर्यंत जे येते, तेच तो ऐकवत असतो.

म्हणून आधी आवाज कोणता आहे ते ओळखावे. आपल्याकडची घरगुती वीज सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होते. ती ध्वनीच्या तारेत शिरली की ५० किंवा १०० हर्ट्झचा जाड, एकसारखा गुंजारव ऐकू येतो. पंख्याचा रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर फिरवल्यावर आवाज बदलत असेल, तर ती त्या उपकरणाची खरखर असते. फोन येण्याआधी ‘टिक्-टिरिक्’ वाजत असेल, तर मोबाइल दूर ठेवावा. आवाजाचे बटण फिरवतानाच करकर होत असेल, तर बटणाच्या आत धूळ साचलेली असते. आवाज पूर्ण वाढवल्यावर येणारी हलकी ‘सीऽऽ’ थोड्याफार प्रमाणात प्रत्येक अँप्लिफायरमध्ये असतेच.

सर्वाधिक तक्रार असते ती गुंजारवाची, आणि तो शोधायला कोणतेही यंत्र लागत नाही. सगळी उपकरणे बंद करा आणि अँप्लिफायरच्या मागच्या, आवाज आत आणणाऱ्या सर्व केबल काढा. केबल अँप्लिफायरच्या बाजूने काढायच्या. दुसऱ्या टोकाकडून काढल्या तर लोंबकळणारी केबल अँटेनासारखी वागते आणि दिशाभूल करते. आता फक्त अँप्लिफायर सुरू करा. तरीही तो घुमत असेल तर दोष त्याच्यातच आहे. जुन्या यंत्रात वीज गाळणारे कपॅसिटर वयोमानाने निकामी होतात. ते बदलण्याचे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे, कारण यंत्र बंद केल्यावरही त्यांत वीज साठलेली असू शकते.

अँप्लिफायर शांत असेल, तर एकेक उपकरण जोडत जा. प्रत्येक जोडणीआधी वीज बंद ठेवा. जी केबल लावताच घुमू लागेल, तिच्या दुसऱ्या टोकाला संशयित सापडतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. सेट-टॉप बॉक्स असेल तर बाहेरून येणारी केबल टीव्हीची तार सोडवून पाहा.

आवाज थांबला, तर ते बहुधा ‘अर्थ लूप’ आहे. अँप्लिफायरला घराच्या बोर्डातून अर्थिंग मिळते, तर टीव्हीच्या तारेला बाहेर कुठेतरी वेगळे. या दोन ठिकाणच्या विद्युत पातळीत किंचित फरक असतो. मधली ध्वनीची केबल दोन्हींना जोडते, तिच्या जाळीतून बारीक प्रवाह वाहतो आणि अँप्लिफायर तोच मोठा करून ऐकवतो.

इथेच एक धोकादायक ‘जुगाड’ केला जातो. प्लगची वरची जाड पिन कापून टाकतात किंवा दोन पिनांचा ॲडॉप्टर लावतात. लूप तुटतो, आवाज थांबतो आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. पण ती पिन उगाच लांब केलेली नाही. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी, यासाठी तिची लांबी जास्त असते. आतली तार धातूच्या पेटीला टेकली, तर वीज याच पिनेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर पेटीत २३० व्होल्ट तसेच राहतात, आणि तिला हात लावणारा माणूसच वीज जमिनीत जाण्याची वाट बनतो. गुंजारव त्रासदायक असतो, पण त्याने जीव जात नाही.

सुरक्षित उपाय सोपे आहेत. सर्व उपकरणे तीन पिनांच्या एकाच चांगल्या बोर्डावर घ्यावीत. ध्वनीच्या केबल विजेच्या तारांपासून दूर ठेवाव्यात, आणि एकमेकींना ओलांडाव्या लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. टीव्हीला सोय असेल तर ऑप्टिकल केबल वापरावी. तिच्यातून विजेऐवजी प्रकाश जातो, त्यामुळे लूप तयारच होत नाही. हे शक्य नसेल, तर ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी ध्वनीच्या केबलमध्ये बसवता येते. मात्र हलक्या दर्जाच्या डबीमुळे खर्जाचा आवाज पातळ होतो.

शेवटची एक खूण विसरू नये. यंत्राच्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर पुन्हा हात लावून खात्री करत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलावून आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. स्पीकरचे नंतर पाहता येईल.