यंत्र कानात की खणात?

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ आमच्याजवळ आले नि म्हणाले, "सर, वडिलांना एवढं महागडं श्रवणयंत्र घेऊन दिलं, ते कपाटाच्या खणात पडून असतं. काय करावं?" आम्ही लगेच काही बोललो नाही, कारण आमचंही दोन वर्षं तेच चाललं होतं. ऑडिओलॉजिस्ट बाईंना आम्ही बेधडक सांगितलं, "दिवसभर घालतो." त्यांनी यंत्र संगणकाला जोडलं. आजची बरीचशी यंत्रं किती तास चालू होती याची नोंद स्वतःच ठेवतात, हे आम्हाला कुठं ठाऊक! सरासरी निघाली रोज सव्वा तास. (हशा) नीतिशास्त्र शिकवण्यात हयात गेली आणि खोटं पकडलं ते शेंगदाण्याएवढ्या यंत्रानं.

घोटाळा असा होतो की आपण यंत्राला चष्म्यासारखं समजतो. लावला की दिसलं. पण न्यायदर्शनात बघा, कर्णविवरातलं आकाश म्हणजे श्रोत्रेंद्रिय. मात्र तेवढ्यानं शब्दाचं ज्ञान होत नाही, मनाचा इंद्रियाशी संयोग लागतो. आज आपण मनाच्या जागी मेंदू म्हणू. म्हातारपणी बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. 'आ', 'ओ' शाबूत राहतात; 'स', 'श', 'फ' निसटतात. भाजीवाला म्हणतो 'साठ', आपण ऐकतो 'आठ'. म्हणून आपण म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही", आणि घरचे म्हणतात, "यांना हवं तेवढं बरोब्बर ऐकू येतं!" ओरडूनही फारसा उपयोग होत नाही, कारण ओरडण्यानं स्वर मोठे होतात, 'स' तिथंच राहतो.

यंत्र लावलं की वर्षानुवर्षं विसरलेले आवाज एकदम अंगावर येतात. पंखा, वर्तमानपत्राची सळसळ, स्टीलची ताटं. स्वतःचा आवाज पिंपात बोलल्यासारखा. यातलं काय ऐकायचं नि काय सोडून द्यायचं, हे मेंदूला पुन्हा शिकावं लागतं. त्याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. रोज तासभर घालून उरलेला दिवस काढून ठेवलं तर तो शिकणार कधी?

आम्ही तर उलटंच केलं. पहिल्यांदा यंत्र घातलं ते पुतण्याच्या लग्नात. बँड, भटजींचा माईक, तीनशे माणसं. पंधरा मिनिटांत यंत्र खिशात. खरं तर सुरुवात घरी, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत करायची. रोज थोडा वेळ वाढवायचा, मग टीव्ही, मग चारचौघांच्या गप्पा. मंगल कार्यालय सगळ्यात शेवटी.

दुखतंय, शिट्टी वाजतेय, तर सोसत बसू नये. नीट बसलं नसेल, मळ साचला असेल. परत जाऊन जुळवून घ्यावं. पहिल्या महिन्यांत दोनतीन खेपा होतातच. बटणासारख्या सेलचा स्टिकर काढला की मिनिटभर हवा लागू द्यावी, कारण तो सेल हवेवरच चालतो. बोटं थरथरत असतील तर चार्जिंगचं यंत्र बरं. पावसाळ्यात रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं. आम्ही ती डबी चष्म्याशेजारीच ठेवतो. सकाळी चष्मा घेताना यंत्र विसरत नाही.

घरच्यांसाठी एकच. समोर येऊन, आधी हाक मारून बोला, आणि तिसऱ्यांदा विचारलं तर "जाऊ दे, काही नाही" म्हणू नका. आमच्या वडिलांच्या शेवटच्या वर्षांत आम्ही ते फार वेळा म्हटलं. ते विचारायचे बंद झाले. आम्हाला तेव्हा वाटलं, वयानं शांत झाले.

त्या गृहस्थांना आम्ही विचारलं, "वडिलांशी बोलता कसे?" म्हणाले, "ओरडून. सवयच झाली." आता यंत्र कानात असताना कुणी ओरडलं तर ते काढावंसंच वाटणार ना! आठवडाभर हळू बोलून बघतो म्हणालेत.

असो. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी कृपया पुढं यावं आणि तोंड आमच्याकडं करून बोलावं.