बंदूक शेतीची, वाटे कुणाचे?

बंदुकीच्या कायद्यावर वाद निघाला की आपल्याला अमेरिका आठवते. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेतच आहे. मालवण, कुडाळ, दोडामार्गच्या गावांत मात्र बंदूक निघते ती रानडुकरांसाठी. भात पोटरीला आलं की एका रात्रीत कळप अख्खा कोपरा लोळवून जातो. त्यामुळे इथले गैरसमजही अस्सल इथलेच.

सगळ्यात मोठा गैरसमज: ‘शेती संरक्षणाचा परवाना आहे, म्हणजे शेतात आलेलं डुक्कर मारता येतं.’ नाही येत. परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ खाली मिळतो आणि तो फक्त बंदुकीपुरता असतो. जनावराचा कायदा वेगळा: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पीक नासवणारं डुक्कर मारायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश हवा. गवा पहिल्या अनुसूचीत. त्याच्याबाबत पिकाची नासाडी हे कारण चालतच नाही.

एवढं करून रीतसर परवानगीने डुक्कर मारलं, तरी ते सरकारी मालमत्ता ठरतं. वाडीत वाटे घालणं हा गुन्हाच. हे ऐकून मंडळी हसतात, पण कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. जनावर अंगावर आल्यावर जीव वाचवायला प्रामाणिकपणे केलेला बार माफ आहे. ही सवलत माणसाच्या जिवासाठी आहे, केळीच्या बागेसाठी नाही.

मग बंदूक दिली कशाला? राखणीसाठी, आणि राखणीला बऱ्याचदा आवाजही पुरतो. ठासणीच्या बंदुकीत दारू घालायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, केप बसवून बार काढायचा. छर्रे न भरताही कळप पांगतो. सगळी गफलत होते ती राखणीचं निमित्त करून रात्री शिकारीला जाण्यात. झुडूप हललं म्हणून बार काढला आणि लागला तो सोबत्यालाच, अशा बातम्या कोकणात अधूनमधून येतात. नेम धरण्याआधी समोर काय आहे हे पाहण्याची सवय नुसत्या परवान्याने लागत नाही. माझ्या मते खरी उणीव ही आहे.

‘आजोबांची बंदूक, आता माझी.’ सातबाऱ्यासारखी वारसाने नावावर चढत नाही ती. परवानाधारक वारला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. माळ्यावर तशीच पडून राहिली तर ती विनापरवाना. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं कैद आहे.

‘परवाना फक्त पैसेवाल्यांना’ हाही समज चुकीचा. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. उलट पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कायद्यानेच केला आहे. नकार आला तर कारणं लेखी मागता येतात आणि वरच्या अधिकाऱ्याकडे अपीलही करता येतं.