घरचा व्यायाम : उपचाराचा उत्तरार्ध

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया दीड-दोन तासांत पार पडते. त्या गुडघ्याने पुन्हा जिना चढता यावा, यासाठी मात्र पुढे कित्येक आठवडे रोज व्यायाम करावा लागतो, आणि तोही बहुतांशी रुग्णाच्या घरी. आमच्या पुनर्वसन विभागाचे यश अखेर या घरच्या व्यायामावरच अवलंबून असते. म्हणून देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांच्या माहितीसाठी हा विषय यंदाच्या अहवालात मांडीत आहोत.

शस्त्रक्रियेनंतर हालचाल थांबली, तर सांध्याभोवतीचा भाग घट्ट होऊन गुडघा आखडतो. खुर्चीवरून सहज उठण्यासाठी तो सुमारे ९० अंश किंवा थोडा अधिक वाकावा लागतो; तेवढाही न वाकल्यास शस्त्रक्रिया उत्तम होऊनही रुग्ण परावलंबी राहतो. पक्षाघातानंतर मेंदू हरवलेली कामे पुनःपुन्हा केलेल्या सरावातूनच नव्याने शिकतो, आणि पहिल्या ३ महिन्यांत ही सुधारणा सर्वाधिक वेगाने होते. तो काळ वाया जाऊ न देणे महत्त्वाचे असते.

व्यायाम सोडणारा रुग्ण आळशी असतो, हा समज योग्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी ५० टक्केच रुग्ण सांगितलेले उपचार नीट पाळतात. अशा रुग्णांना दोष न देता साहाय्य द्यावे, असेही तो अहवाल सांगतो. असे साहाय्य देण्यासाठी व्यायाम का सुटतो, ते आधी जाणून घ्यावे लागते.

पहिले कारण वेदनेची भीती. व्यायामाने होणारी ओढ व ठणका थोड्या वेळाने ओसरतो, हे रुग्णास आधीच सांगितले तर तो घाबरत नाही. मात्र पोटरी सुजणे व दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून तात्काळ डॉक्टरांशी संपर्क साधावा, हेही आम्ही आवर्जून समजावतो.

दुसरे कारण व्यायामांची लांबलचक यादी. अमेरिकेत ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या १९९९ मधील एका अभ्यासात ८ व्यायाम दिलेल्यांपेक्षा २ व्यायाम दिलेल्यांनी ते अधिक चांगल्या रीतीने करून दाखविले. म्हणून आमचे फिजिओथेरपिस्ट आरंभी मोजकेच व्यायाम देतात, ते रुग्णाकडून समोर करवून घेतात आणि चित्रांचा तक्ता सोबत देतात. त्यावर रोज खूण करावयाची असते.

तिसरे कारण सवयीचा अभाव. ‘वेळ मिळेल तेव्हा’ असे ठरविल्यास वेळ मिळतच नाही. सकाळच्या चहानंतर, दुपारी पडण्यापूर्वी, सायंकाळच्या दिवाबत्तीनंतर असा व्यायाम ठरलेल्या कामाला जोडला की तो अंगवळणी पडतो. उद्दिष्टही रुग्णाच्या जीवनातलेच असावे. ‘१० अंश अधिक वाक’ यापेक्षा ‘एस.टी.ची पायरी चढून लेकीच्या गावी जाणे’ हे त्यास अधिक जवळचे वाटते.

नातेवाईकांस एक नम्र विनंती. प्रेमापोटी पाण्याचा पेला हातात देणे, सदऱ्याची बटणे लावून देणे, यांमुळे रुग्णाची सरावाची संधीच जाते. त्यास जे सुरक्षितपणे जमते ते सावकाश का होईना, त्यालाच करू द्यावे. तोल जाण्याचा संभव असेल तेथे मात्र जवळ उभे राहावे.

हातावर पोट असणाऱ्या कुटुंबास रुग्णालयाची प्रत्येक फेरी एका दिवसाच्या मजुरीस पडते. त्यासाठी मधल्या काळात दूरध्वनीवरून विचारपूस करणे उपयुक्त ठरते. या कामास माणूस व त्याचा वेळ लागतो. देणगीतून घेतलेले यंत्र ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते व त्यावर दात्याचे नावही कोरता येते. फिजिओथेरपिस्टचे वेतन मात्र वर्षअखेरीस केवळ खर्च म्हणून नोंदले जाते. तरीही शस्त्रक्रियेवर झालेला मोठा खर्च सार्थकी लावणारा खर्च तो हाच.

देणगीचा विनियोग ठरविताना विश्वस्तांनी व दात्यांनी या न दिसणाऱ्या बाजूचाही विचार करावा, अशी आमची विनंती आहे. रुग्ण आपल्या पायांनी घराचा उंबरठा ओलांडू लागतो, तेव्हाच आपण दिलेल्या साहाय्याचे चीज झाले, असे आम्ही मानतो.