विजेचा थेंब : एकट्या इलेक्ट्रॉनचे विज्ञान

पैठण येथे गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी प्रकल्पाचे उद्घाटन २४ फेब्रुवारी १९७६ रोजी तत्कालीन पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या या धरणाने निर्माण झालेल्या नाथसागराची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्रही उभारण्यात आले. अशा ठिकाणी पाणी आणि वीज हे दोन प्रवाह शेजारी शेजारी नांदतात.

पाण्याचा विसर्ग क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास हे सेकंदाला साडेपाच लाखांहून अधिक थेंब होतात. कालव्यावर कोणी थेंब मोजीत बसत नाही. तशी गरजही नसते. विजेचे ‘थेंब’ मात्र शास्त्रज्ञांनी एकेक करून मोजले आहेत, आणि आज विजेच्या मापाचा पायाच त्या मोजणीवर उभा आहे.

अविभाज्य भार

विजेचा हा थेंब म्हणजे इलेक्ट्रॉन. १८९७ मध्ये इंग्लंडमधील जे. जे. टॉमसन यांनी त्याचा शोध लावला. पुढे अमेरिकेत रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ पासूनच्या काही वर्षांत तेलाचे सूक्ष्म तुषार दोन धातूच्या तबकड्यांमध्ये सोडले आणि विद्युत्दाबाच्या साह्याने ते हवेत तोलून धरले. प्रत्येक तुषारावरील विद्युत्भार एका ठरावीक लहान भाराच्या एकपट, दुप्पट, तिप्पट असाच निघे. दीडपट कधीच निघत नसे. वीज ही अखंड द्रव नसून कणाकणांची बनलेली आहे, हे यावरून सिद्ध झाले.

हे कण किती सूक्ष्म आहेत? एक अँपिअर प्रवाह वाहतो तेव्हा तारेच्या कोणत्याही छेदातून सेकंदाला जेवढे इलेक्ट्रॉन जातात, त्यांची संख्या लिहावयाची तर ६२४ या आकड्यापुढे सुमारे १६ शून्ये द्यावी लागतील. घरगुती विजेत तर हे कण दूरवर जातही नाहीत. सेकंदाला पन्नास वेळा ते जागच्या जागी पुढेमागे हेलावतात.

एकाची झाली मालिका

एकट्या इलेक्ट्रॉनच्या अभ्यासात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत १९०९ मध्ये जन्मलेल्या डॉ. होमी भाभा यांनी केंब्रिज येथे असताना इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित मांडले. ही प्रक्रिया आजही जगभर ‘भाभा विकिरण’ या नावाने ओळखली जाते. १९३७ मध्ये भाभा आणि हाइटलर यांनी आणखी एक कोडे उलगडले. अंतराळातून आलेला एखादा अतिशय वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की त्यापासून गॅमा किरण निघतात. त्या किरणांतून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या जन्मतात, आणि त्या पुन्हा नवे किरण देतात. अशा रीतीने एका कणापासून कणांचा वर्षाव होतो. भाभांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वैश्विक किरणांच्या अशा वर्षावांचा अभ्यास पुढे अनेक दशके चालविला आहे.

कण की लहर?

एकटा इलेक्ट्रॉन वागतो कसा, हे पाहू जाता शास्त्रज्ञही चकित झाले. १९७४ मध्ये इटलीत आणि १९८९ मध्ये जपानमध्ये असे प्रयोग झाले, की एका वेळी एकच इलेक्ट्रॉन उपकरणातून जावा आणि त्यापुढे दोन वाटा खुल्या असाव्यात. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉनचा एकच ठिपका उमटे. आरंभी हे ठिपके अस्ताव्यस्त वाटत. हजारो ठिपके साठल्यावर मात्र दोन लाटा एकमेकींत मिसळाव्यात तसे पट्टे दिसू लागत. प्रत्येक इलेक्ट्रॉन कणासारखा पोहोचतो, परंतु त्याची वाटचाल लहरीसारखी असते, हाच याचा अर्थ.

एकच इलेक्ट्रॉन दीर्घकाळ कोंडून ठेवणेही शक्य झाले आहे. १९७३ मध्ये हान्स डेमेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय व विद्युत् क्षेत्रांच्या ‘सापळ्यात’ असा इलेक्ट्रॉन पकडला. डेमेल्ट १९८९ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. याच पद्धतीने २०२३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी इलेक्ट्रॉनचे चुंबकत्व मोजले. त्यांच्या मापनातील अनिश्चितता दहा लाख कोटी भागांत दीड भागाहूनही कमी आहे.

मापाचा नवा पाया

ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा पंपाचे बिल ज्या मीटरवरून येते, त्याचा विश्वास अखेर प्रमाणित मापांवर अवलंबून असतो. १९४८ पासून अँपिअरची व्याख्या दोन अनंत लांबीच्या समांतर तारांमधील ओढीवरून केली जात असे. अनंत लांबीची तार कोणत्या प्रयोगशाळेत मिळणार? २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली. एका कूलोंबाचे एकावर १९ शून्ये इतके भाग केल्यास इलेक्ट्रॉनचा भार त्यांतील नेमके १.६०२१७६६३४ भाग आहे, असे जगाने निश्चित केले, आणि अँपिअर त्यावरून ठरू लागला.

एकेक इलेक्ट्रॉन मोजून पुढे ढकलणारे ‘इलेक्ट्रॉन पंप’ही तयार झाले आहेत. अतिशय थंड केलेल्या सूक्ष्म धातूबेटावर अथवा अर्धवाहकावर एक इलेक्ट्रॉन असला, की त्याचा भार दुसऱ्याला आत येऊ देत नाही; एक गेला की दुसरा येतो. सेकंदाला शंभर कोटी इलेक्ट्रॉन मोजले तरी प्रवाह एका अँपिअरच्या शंभर कोटीव्या भागाचा जेमतेम सहावा हिस्सा भरतो. म्हणून हा प्रवाह वाढविणे आणि मोजणीत एकही कण चुकू न देणे, हे आजच्या संशोधनापुढील आव्हान आहे.

शाळेत कोरड्या केसांवर घासलेली प्लॅस्टिकची पट्टी कागदाचे कपटे उचलते, तेव्हा तीवर असंख्य इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण झालेली असते. शिक्षकांनी हा साधा प्रयोग दाखविताना त्यामागील मोजणीची ही कथा सांगितल्यास, विज्ञान म्हणजे पाठांतर नव्हे तर काटेकोर मोजमाप होय, ही जाणीव विद्यार्थ्यांच्या मनात रुजेल. न डोळ्यांना दिसणाऱ्या एका कणाने साऱ्या जगाला समान माप दिले आहे. खेड्यातील मीटर आणि प्रयोगशाळेतील उपकरण यांना जोडणारा धागा तोच आहे.