अपडेट अर्धवट राहिले म्हणजे हिशेब गेला असे नव्हे

मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर चालविणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी हे लिहीत आहोत. कोयनानगरात धरण उशाशी, तरी पावसाळ्यात वीज जातेच. 'बेंच अपडेट' चालू असताना ती गेली, की प्रोग्राम नवा आणि डेटाबेसची रचना जुनी राहते. दुकान उघडताच पडद्यावर एरर. घाबरून सारे पुसू नये. डिस्कवर जागा आहे का पाहावे, मग 'बेंच मायग्रेट' द्यावे. पूर्ण झालेले टप्पे पॅच लॉगमध्ये नोंदलेले असतात, ते पुन्हा होत नाहीत. तरीही अडले तर शेवटच्या ओळी नीट वाचाव्यात; पंधराव्या आवृत्तीला नोड किमान १८ लागते, जुने असेल तर गाडी तेथेच थांबते. अपडेटपूर्वीचा बॅकअप मात्र त्याच डिस्कवर पडतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेल्या गावात त्याची एक प्रत कराडच्या नातलगाकडे ठेवावी.