दोन यंत्रं, दोन आकडे

मागच्या महिन्यात आमच्यातल्या एकीच्या सासूबाई शहरातून डोळे तपासून करमाडला परतल्या आणि घरात रडारड झाली. त्यांना काचबिंदू आहे. गेल्या वर्षीच्या कागदावर उजव्या डोळ्यापुढे ९१ होतं, यंदा ८३. "आठ गेले, आता मी आंधळी होणार," हेच त्या घोकत होत्या. आम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले, वरची बारीक अक्षरातली ओळ वाचली. यंत्रंच दोन निराळी होती!

हा आकडा कशाचा? डोळ्याच्या मागच्या पडद्यावर मज्जातंतूंचा एक थर असतो. आपल्याला दिसतं ते मेंदूपर्यंत नेणारे हे तंतू. काचबिंदूत ते मरत जातात, थर पातळ होतो. बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेची नजर जाते, म्हणून लवकर कळतही नाही. मोतीबिंदू काढला की दिसायला लागतं, तसं इथे नाही. गेलेली नजर परत येत नाही.

हा थर ओसीटी नावाचं यंत्र प्रकाशाने मोजतं. हे तंत्र १९९१ मध्ये अमेरिकेत जगापुढे आलं. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. माप मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. निरोगी डोळ्यात सरासरी शंभरच्या आसपास.

पण दोन शिंप्यांनी एकाच बाईची कंबर मोजली, एकाने टेप सैल धरली, दुसऱ्याने घट्ट, तर आकडा एक येईल का? जुनं स्ट्रॅटस यंत्र सेकंदाला ४०० रेघा टिपायचं, नंतरचं सिरस २७,०००. थर कुठे संपतो, हे प्रत्येक यंत्र आपल्या पद्धतीने ठरवतं. निरोगी डोळा स्ट्रॅटसवर सिरसपेक्षा जाड दिसतो, असं तपासण्यांत आढळलं आहे. स्पेक्ट्रॅलिसचं माप आणखी वेगळं. कागदावरचे हिरवे-लाल रंगही प्रत्येक कंपनीने आपापल्या निरोगी लोकांच्या यादीवरून ठरवलेले. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्याला काचबिंदू नसतानाही लाल रंग येऊ शकतो. मोतीबिंदूमुळे चित्र धूसर आलं, तरी आकडा फसवतो.

म्हणून तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करा. यंत्र बदललंच, तर नव्या आकड्याला पहिला धरून पुढे मोजायचं. जुनी फाइल मात्र रद्दीत घालू नका, बायांनो! एकाच यंत्रावर लागोपाठ मोजलं तरी चार-पाच मायक्रॉन इकडेतिकडे होतात. पण त्याच यंत्रावर आकडा दर वेळी उतरत असेल, तर यंत्राला दोष देऊन घरी बसायचं नाही. आजार फार पुढे गेला की थर साधारण पन्नासच्या खाली मोजला जात नाही. तेव्हा नजरेची कक्षा तपासणंच खरं.

सासूबाईंना आम्ही पुन्हा जुन्याच ठिकाणी नेलं. आकडा आला ९०. आता फाइलच्या पुठ्ठ्यावर नातीने यंत्राचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. थेंब रोज रात्री चालूच आहेत.